चराचे तोंड

आमच्या उंबरमाळीला दोनच ऋतू आहेत, असे आजोबा म्हणत असत. एक पावसाळा आणि दुसरा पावसाळ्याची तयारी. शाळेत आम्हाला तीन ऋतू शिकवले होते, म्हणून लहानपणी मी त्यांच्याशी वाद घालायचो. ‘मग हिवाळा?’ ‘हिवाळ्यात भात झोडायचं, पोती भरायची, ती कोरडी राहतील अशी रचायची. कशासाठी? पावसाळ्यासाठी.’ ‘आणि उन्हाळा?’ ‘उन्हाळ्यात राब भाजायचा, छप्पर शाकारायचं, चर काढायचा. कशासाठी?’ यापुढे माझ्याजवळ प्रश्न उरत नसे.

उंबरमाळी म्हणजे कोठे, असे कॉलेजातले मित्र विचारतात. कसाऱ्याची लोकल खर्डी सोडते आणि कसारा येण्याआधी एका लहानशा स्थानकावर क्षणभर थांबते, ते आमचे गाव. खिडकीत बसलेला माणूस डुलकीतून जागा होऊन पाहीपर्यंत गाडी सुटलेली असते. तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. समोर सह्याद्रीची भिंत उभी आहे. अरबी समुद्रावरून आलेला ढग त्या भिंतीला धडकतो आणि ओझे आमच्या अंगणात उतरवतो. वर्षाला शंभर इंच पाऊस हे आमच्याकडे नवल नव्हे.

अशा जागी, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, आमचे तीन धंदे एकाच इमारतीत आहेत. पुढे चहा-भजी आणि जेवणाचे हॉटेल, बाजूला किराणा दुकान आणि मागे भातगिरणी. हॉटेल आणि दुकान कौलारू, गिरणी पत्र्याची. ‘इमारत’ हा शब्द तिला जरा मोठाच होतो. पण चार माणसांचे पोट त्या छपराखाली आहे आणि आजूबाजूच्या वाड्यांचे धान्यही. घर गळले तर आपण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात अंथरूण ओढतो. दुकान गळले तर साखर अंथरूण ओढत नाही. म्हणून आमच्याकडे घराआधी दुकान शाकारले जाते.

ही तयारी अक्षय तृतीयेपासून सुरू होई. आजोबांनी तिचा क्रम ठरवून टाकला होता आणि तो पंचांगासारखा पाळला जाई. पहिले काम झाडांचे. छपरावर आलेल्या आंब्याच्या आणि उंबराच्या फांद्या उतरवायच्या, कारण वाऱ्यात मोडलेली एक फांदी पन्नास कौले घेऊन खाली येते. मग छप्पर. वाडीवरचा एक वयस्क माणूस दरसाल येई. तो कौलांवरून असा चाले की खालच्या मांजराला चाहूल लागू नये. तडकलेले कौल तो डोळ्यांनी नव्हे, बोटाच्या टिचकीने ओळखायचा. सारे कौल खणखणते, तडकलेले बद्द बोलते. पालापाचोळा झाडून, रिपा तपासून, वाळवीने खाल्लेली रीप बदलून तो आढ्यापर्यंत जाई. गिरणीच्या पत्र्याचे काम वेगळे. तिथे प्रत्येक हुकाचा वायसर पाहायचा, सैल असेल तर आवळायचा आणि वरून डांबर लावायचे.

छप्पर झाले की बाजू. आमच्याकडे पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून आडवा जास्त येतो. त्याला झड म्हणतात. ती अडवायला पूर्वी कारवीच्या आणि गवताच्या झापा बांधत, आता ताडपत्री बांधतात. पण ती सुतळीने बांधायची नाही. सुतळी भिजून कुजते आणि नेमकी श्रावणात तुटते. नायलॉनची दोरी हवी. लाकडी खांबांच्या बुडांना ट्रकवाल्यांकडून मिळालेले जळके काळे तेल फासायचे, म्हणजे वाळवी चढत नाही. रस्त्याकडचा पत्र्याचा मोठा फलक चार महिन्यांसाठी खाली उतरवायचा. गिरणीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि खडे मीठ भरायचे. गिरणीच्या आजूबाजूचे गवत आणि जुने बारदान उचलायचे, कारण पहिल्या पावसाबरोबर साप कोरडी जागा शोधत येतो. धान्याची पोती जमिनीपासून हातभर उंच फळ्यांच्या माचावर रचायची, भिंतीपासून वीतभर दूर. काडेपेट्या पत्र्याच्या डब्यात, गूळ बरणीत, मीठ चुलीजवळ.

आणि सर्वांत शेवटी, पण आजोबांच्या मते सर्वांत महत्त्वाचे काम चराचे. डोंगराकडून उतरणारे पाणी गिरणीच्या मागून वळवून रस्त्याखालच्या मोरीत सोडणारा एक चर आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर बसतो आणि रस्ता चार बोटे वर चढतो. आमची जमीन मात्र होती तिथेच राहते. अशा तीस-चाळीस वर्षांत गिरणी खड्ड्यात आणि रस्ता उंचावर, अशी स्थिती झाली आहे. तेव्हा सगळे पाणी त्या एका चरावर अवलंबून. आजोबा म्हणत, ‘छप्पर गळलं तर बादली लावता येते. चर तुंबला तर बादली कुठे लावशील?’

या सगळ्या तयारीत एक गंमत असते, आणि ती आमच्या तालुक्याबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. मे महिन्यात आम्ही ज्या पाण्याला अडवण्याची तयारी करत असतो ते पाणी त्या वेळी प्यायलाही नसते. तानसा, भातसा ही धरणे आमच्याच तालुक्यातली. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. पण आमच्या वाड्यांवरच्या बायका एप्रिल-मे महिन्यांत विहिरीच्या तळातून वाटीने पाणी खरवडतात आणि टँकरची वाट पाहतात. आढ्यावरची कौले सांधायला सिमेंट कालवायचे तर दोन बादल्या पाणी लागते, आणि त्या दोन बादल्या आजीकडे मागायच्या कोणी, यावर घरात भांडण होई. आजी बादली देताना म्हणे, ‘ज्याला घराबाहेर काढायचं, त्याच्यासाठी त्यालाच उसनं मागायचं. काय तुमचं छप्पर!’

आजोबांची ही शिस्त आली होती रेल्वेकडून. तरुणपणी दोन पावसाळे त्यांनी रुळांवर हंगामी गस्तीचे काम केले होते. कसाऱ्यापर्यंत रेल्वे आली १८६१ साली आणि थळ घाट चढून ती इगतपुरीला पोचली १८६५ साली. एवढा जुना मार्ग, पण दरसाल त्याचीही पावसाळ्याची तयारी करावीच लागते. घाटातले सैल दगड पावसाआधी मुद्दाम पाडून टाकतात, मोऱ्या आणि गटारे उपसतात, आणि पाऊस लागला की गस्तीची माणसे रात्री रुळाच्या कडेने पायी फिरतात. हातात दिवा, जवळ रुळावर बांधायचे फटाके. धोका दिसलाच तर गाडी त्यांनीच थांबवायची. प्रत्येकाचा पल्ला ठरलेला. पल्ल्याच्या टोकाला पलीकडचा गस्तीवाला भेटतो आणि दोघे आपापल्या वह्यांची अदलाबदल करतात. हातात दुसऱ्याची वही आली याचा अर्थ, हा माणूस टोकापर्यंत चालत आला. आजोबा ही गोष्ट फार वेळा सांगत. इतक्या वेळा, की आम्ही ती ऐकणे सोडून दिले होते.

माझा एक आतेभाऊ कॅनडात टोरांटोजवळ एका मोठ्या गोदामात काम करतो. एकदा मोबाईलवर बोलताना त्याने सांगितले, की तिथे ऑक्टोबर आला की सगळ्या दुकानांची आणि गोदामांची अशीच धावपळ उडते. बाहेरच्या नळांतले पाणी हवेने फुंकून काढून टाकतात, कारण पाण्याचे बर्फ होताना ते नऊ टक्क्यांच्या आसपास फुगते आणि लोखंडी नळसुद्धा फोडते. छपराच्या पन्हळी साफ करतात, दारांच्या फटी बुजवतात, आवारातल्या वाटांवर टाकायला मिठाची पोती आणून ठेवतात, म्हणजे बर्फ धरत नाही आणि गिऱ्हाईक घसरून पडत नाही. मी हे आजोबांना सांगितले. त्यांना मीठ फार आवडले. ‘म्हणजे तिथंही मीठच!’ असे म्हणून ते बराच वेळ हसत राहिले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारले, ‘आणि एखाद्याने नळ फुंकलाच नाही तर?’ मी म्हणालो, ‘तर नळ फुटतो.’ ‘कधी कळतं?’ ‘बर्फ वितळल्यावर.’ आजोबांनी मान हलवली. हे बोलणे २०२० च्या दिवाळीतले. त्या प्रश्नाचे उत्तर मला आठ महिन्यांनी मिळाले.

२०२१ चा उन्हाळा कोणाला आठवावासा वाटत नाही. करोनाची दुसरी लाट होती. हॉटेलात बसून खाण्यास बंदी, फक्त पार्सल. रस्त्यावरून ट्रक जात, पण थांबत नसत. गल्ल्यात चिल्लर तेवढी उरली होती. त्यात १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. समुद्र आमच्यापासून लांब. पण त्या वाऱ्याने आमच्या गिरणीचे दोन पत्रे उचलले आणि पश्चिमेची झाप फाडून शेतात नेऊन टाकली. मजूर मिळेना. जो कौलांवर मांजरासारखा चाले तो माणूस आजारी होता. वडील आणि काका स्वतः छपरावर चढले. नवी लाकडे आणायला पैसे नव्हते, म्हणून धान्याच्या माचाच्या फळ्या काढून त्या पत्र्याखाली ठोकल्या. निम्मा माच उरला. त्यावर आमची पोती राहिली. नंतर आलेली गिऱ्हाइकांची पोती खाली फरशीवर, ताडपत्री टाकून ठेवली. ‘पावसाआधी दुसरा माच करू,’ असे वडील म्हणाले. ते राहून गेले.

कामे वाटली गेली तेव्हा चर माझ्या वाट्याला आला. मी सतरा वर्षांचा होतो. अकरावी मोबाईलवरच संपली होती आणि दिवसभर घरात बसून अंगाला गंज चढला होता. मी फावडे घेतले आणि सकाळी कामाला लागलो. गिरणीच्या मागच्या दारापासून उंबराच्या वळणापर्यंत चर साधारण चाळीस पावले आहे. तेवढा मी चांगला काढला. गाळ उपसला, सुकलेला टाकळा उपटला, कडा तासल्या. वळणापलीकडे मोरीच्या तोंडापर्यंत आणखी तीस पावले. तिथे घाणेरीचे रान माजले होते, आणि तोंडाशी वर्षभराच्या प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि रस्त्यावरून लोटली गेलेली खडी साचली होती. रोहिणीचे ऊन होते. खिशात मोबाईल वाजला. मी उंबराच्या सावलीत बसलो तो तासभर बसलो.

खरे सांगायचे तर मी थकलो नव्हतो. गिरणीच्या दारातून पाहिले तर चर वळणापर्यंतच दिसतो, हे मला ठाऊक होते. एवढेच कारण. उरलेला उद्या करू, असे मी स्वतःला सांगितले, फावडे धुतले आणि जागेवर ठेवले.

संध्याकाळी आजोबांनी विचारले, ‘झाला का चर?’

‘झाला.’

‘तोंडापर्यंत?’

‘हो.’

त्या एका ‘हो’ला किती वजन असते, हे तेव्हा मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी वेगळे काम निघाले. तिसऱ्या दिवशी ढग आले. मृग लागला, पाऊस पडू लागला, चर वाहू लागला. थोडे पाणी तुंबे, पण झिरपून जाई. पाणीच कचरा वाहून नेईल, असे मला वाटले. पुढे पुढे तर मी चर पूर्ण काढला होता असेच मला वाटू लागले.

२१ जुलैच्या रात्री पाऊस लागला तो नेहमीचा नव्हता. थेंब वेगळे ऐकू येत नव्हते; कोणी छपरावर अखंड भाताची पोती ओतत आहे असा एकच आवाज. वीज कधीच गेली होती. मध्यरात्री केव्हातरी आजोबांनी मला हलवून उठवले. ‘ऐक,’ ते म्हणाले. मी ऐकले. मला पावसाशिवाय काहीच ऐकू आले नाही. ‘तेच तर,’ ते म्हणाले, ‘चर गप्प झालाय.’

चर वाहतो तेव्हा खळखळतो. तुंबला की मुका होतो. आम्ही कंदील घेऊन मागे गेलो तेव्हा गिरणीत पाणी शिरले होते आणि गुडघ्यापर्यंत चढले होते. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर, म्हणजे सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या वर्षी, आजोबांनी गिरणीच्या मोटारीखाली कंबरभर उंच कट्टा बांधून घेतला होता. त्या वेळी लोकांनी त्यांची थट्टा केली होती. त्या कट्ट्याने मोटार वाचवली. माचावरची आमची पोती वाचली. दुकानातली साखर आणि डाळ आम्ही डोक्यावर उचलून हॉटेलच्या टेबलांवर नेली. फरशीवर चार पोती होती. ती उचलायला गेलो तेव्हा ती आधीच दुप्पट जड झाली होती.

वडील फावडे घेऊन मोरीकडे निघाले, पण आजोबांनी त्यांना दारातच अडवले. ‘अंधारात वाहत्या पाण्यात जायचं नाय. धान्य गेलं तर गेलं.’ आम्ही सगळे पहाटेपर्यंत टेबलांवर पाय वर घेऊन बसलो. आजी मधून मधून देवाचे नाव घेत होती. मी कोणाचेच नाव घेत नव्हतो. मला काय झाले आहे ते त्या छपराखाली फक्त मलाच माहीत होते, असे मला वाटत होते.

उजाडले तेव्हा पाऊस जरा ओसरला. आमच्या स्थानकात फलाटापर्यंत पाणी चढले होते. रूळ दिसतच नव्हते. दोन फलाटांच्या मधून नदी वाहत होती. घाटात दरड आली होती. गाड्या बंद झाल्या होत्या. ज्या गावाला लोकलमधला माणूस मान वळवून पाहत नाही, त्या उंबरमाळीचे चित्र त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाईलवर फिरले. त्याच दिवशी चिपळूण शहर पुरात बुडाले आणि महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळून कितीतरी माणसे गेली. ते सारे कळले तेव्हा आमची चार पोती काहीच नव्हती. पण सकाळी ते कळले नव्हते. सकाळी आमच्यापुढे एवढेच होते : एक तुंबलेला चर.

आजोबा काठी टेकत चराच्या कडेने निघाले. मी फावडे घेऊन मागे. वडील दुकान आवरत होते. उंबराच्या वळणाशी आजोबा थांबले. अलीकडे चराच्या कडा तासलेल्या होत्या. फावड्याच्या खुणा दीड महिन्याच्या पावसानंतरही ओळखू येत होत्या. पलीकडे घाणेरीचे रान होते तसेच उभे. आजोबांनी खाली पाहिले, मग पलीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. ‘चल,’ एवढेच म्हणाले.

आम्ही मोरीचे तोंड मोकळे केले. पिशव्यांचा आणि खडीचा एक गच्च बूच बसला होता. तो निघाला तसे पाणी असे धावले की माझ्या हातातले फावडेही घेऊन गेले असते. अर्ध्या तासात गिरणीतले पाणी उतरले. अर्धा तास. तेवढेच काम मी मे महिन्यात वाचवले होते.

वडिलांनी विचारले, ‘काय झालं होतं?’ आजोबा म्हणाले, ‘मोरी तुंबली होती. रस्त्यावरचा कचरा.’ यात खोटे काही नव्हते. पण खरेही सगळे नव्हते.

चार पोत्यांपैकी दोन आमच्या एका शेजाऱ्याची होती. त्याच्या घरातही पाणी शिरले होते, तो हिशेब पुढे समजुतीने मिटला. उरलेली दोन ठाकूरवाडीवरच्या एका म्हातारीची. तिने ती भरडायला आणली होती. पण तीन दिवस विजेचा लपंडाव चालू होता, म्हणून तशीच राहिली होती. दिवाळीत नवे भात येईपर्यंतचे तिचे ते धान्य. आम्ही ते गिरणीत पसरले, खाली वर केले, बाजूला तुसाची धग केली. पण जुलैत ऊन कोठून आणणार? तिसऱ्या दिवशी दाण्यांना पांढरे मोड आले आणि गिरणीभर आंबूस वास भरला.

आजोबांनी आमच्या माचावरची दोन पोती खाली काढली. आई काही बोलली नाही, पण तिच्या डोळ्यांत हिशेब दिसत होता. हॉटेल बंद, गल्ला रिकामा, आणि पुढे भाद्रपद. आजोबांनी वडिलांना सांगितले, ‘गिरणीत ठेवलेलं भात म्हणजे ठेव. ठेव बुडवली तर उद्या कोण येईल?’ वीज आल्यावर ती पोती भरडली. एक तांदळाचे ओझे काकांनी घेतले, एक मी. आजोबा मागून काठी टेकत आले. त्यांनी येण्याची काही गरज नव्हती.

ठाकूरवाडीची वाट चिखलाची. डोक्यावर ओझे, पायाखाली शेवाळ. म्हातारी पडवीत बसली होती. तिच्या घरात एका कोपऱ्यात छपरातून धार लागली होती आणि तिथे तिने पातेले ठेवले होते. आजोबा म्हणाले, ‘बाय, तुझं भात भिजलं. हे आमच्यातलं आणलंय. मोजून घे.’

म्हातारी म्हणाली, ‘दादा, पानी काय तुमी आनलं का?’

आजोबा गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात त्यांनी मला जागा करून दिली होती, हे मला फार पुढे कळले. त्या क्षणी एवढेच कळले की आता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही. मी म्हणालो, ‘आजी, चर मी काढायचा होता. मी अर्धाच काढला आणि झाला म्हणून सांगितलं.’

काका माझ्याकडे पाहत राहिले. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. ती रागावेल, नाहीतर ‘जाऊ दे, पोर हाय’ म्हणेल, असे मला वाटले. तिने दोन्ही केले नाही. तिने छपराकडे बोट दाखवले. ‘तुला वर चढता येतं का? त्या कोपऱ्यातलं कौल सरकलंय. माझा पोरगा वीटभट्टीवरनं आल्यापास्नं पायानं अधू हाय.’

मी चढलो. ओल्या कौलांवर पाय कसा ठेवायचा हे आजोबा खालून सांगत होते : रिपेवर भार दे, कौलावर नको; बसूनच पुढे सरक. दोन कौले सरकली होती, एक तडकले होते. मी टिचकी मारली, ते बद्द बोलले. जुन्या ढिगातले एक कौल काकांनी वर दिले. मी ते बसवून खाली आलो, तेव्हा पातेल्यातली धार थांबली होती. म्हातारीने पातेले उचलले, पाणी अंगणात ओतले आणि आत जाऊन आमच्यासाठी कोरा चहा ठेवला. माझ्या चुकीविषयी ती त्या दिवशी बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही. पण पुढच्या मे महिन्यात तिचा निरोप आला : ‘गिरनीवाल्याच्या पोराला छपरावर पाठवा.’

परत येताना काका पुढे गेले. आजोबा हळूहळू चालत होते. वाटेत एका दगडावर ते बसले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती गस्तीचीच होती, पण मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना ताप होता. पाऊस असाच. ते पल्ल्याच्या टोकाच्या अलीकडून दोन खांब राखून परत फिरले. पलीकडचा गस्तीवालाही आला नव्हता. सकाळी दोघे भेटले, दोघांनी एकमेकांकडे पाहिले, वह्या बदलल्या आणि रात्रीची वेळ लिहिली.

‘मग?’ मी विचारले.

‘मग काय? काय झालं नाय. गाड्या गेल्या. पण त्या दोन खांबांच्या मधे त्या रात्री काय होतं, ते मी बघितलं नव्हतं. पन्नास वर्षं झाली, अजून झोपेत मी तिथं चालत जातो.’ थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘तुझं बरं झालं. तुझं पाणी लगेच वर आलं.’

मला रडू आले. त्यांनी ते पाहिले नाही असे दाखवले आणि काठी टेकून उठले.

आजोबा २०२३ च्या कार्तिकात गेले. भात झोडून झाले होते, पोती माचावर रचून झाली होती. आता रस्त्यावर पुन्हा गर्दी असते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची मुले विहीगावच्या धबधब्याकडे जाताना आमच्याकडे भजी खातात आणि ‘काय सुंदर पाऊस आहे तुमच्याकडे’ म्हणतात. सुंदर असतोच. फक्त त्याच्या आधीचा मे महिना त्यांनी पाहिलेला नसतो. मुंबईत पाऊस पोचण्याची जुनी ठरलेली तारीख १० जून होती. २०२० मध्ये वेधशाळेने ती ११ जून केली. आजोबांनी तेव्हा एवढेच म्हटले होते, की एक दिवस वाढवून मिळाला म्हणून चर आपोआप निघत नाही. पाऊस न सांगता येतो असे लोक म्हणतात, तेही त्यांना मान्य नव्हते. पाऊस दरसाल सांगूनच येतो, असे ते म्हणत. आपणच ते मनावर घेत नाही.

कॉलेजातले माझे हे शेवटचे वर्ष. मित्र परीक्षेच्या तयारीत असतात तेव्हा मी एक दिवस गावी जातो. झाडे आणि छप्पर वडील आणि काका पाहतात. चर माझा. घाणेरी कापायला कोयता, खडीला फावडे, पिशव्यांना घमेले. एक मात्र मी बदलले आहे. पूर्वी आमच्याकडे चर गिरणीच्या दारापासून काढायला घेत आणि मोरीकडे जात. मी आधी मोरीत उतरतो आणि तिथून घराकडे येतो. असे केले की काम अर्धवट टाकता येत नाही; राहिलेला तुकडा दारातूनच दिसतो. शिवाय वरचा गाळ मोकळ्या तोंडाने आपोआप पुढे जातो.

गेल्या मे महिन्यात असाच संध्याकाळी मातीने माखून परत आलो. आजी पडवीत तांदूळ निवडत होती. तिला आता नीट दिसत नाही, पण पावलांवरून माणूस ओळखते. तिने मान वर न करता विचारले, ‘झाला का चर?’

‘झाला.’

‘तोंडापर्यंत?’

‘नाही आजी,’ मी म्हणालो, ‘तोंडापासून.’